ऐकून घेतल्याशिवाय हद्दपारी नको

5 सप्टेंबर 1839 रोजी इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले आणि पुढे काशीला नेऊन ठेवले. आरोप लहानसहान नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार ठेवला, असे ते होते. पुरावा मात्र गुप्त चौकशीत जमवलेला. महाराज साक्षींच्या नकला मागत राहिले, उघड चौकशी मागत राहिले. गव्हर्नर कार्नॅक यांनी त्यांच्यापुढे तयार कबुलीजबाब ठेवला: यावर सही करा, गादी राहील. महाराजांनी सही केली नाही. 1847 मध्ये काशीतच त्यांचा अंत झाला.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये जवळपास चौदा वर्षे काढली. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जॉर्ज टॉम्सन, जोसेफ ह्यूम यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. त्यांच्या बोलण्याचा गाभा एकच होता. माणूस दोषी आहे की निर्दोष, हे नंतर ठरेल. पण त्याचे म्हणणे ऐकून न घेता त्याला देशोधडीला लावणे हा न्याय नव्हे. राज्य परत मिळाले नाही, पण तो आक्षेप आजही तितकाच खरा आहे.

हा इतिहास आज काढण्याचे कारण आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून देशात इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. पासपोर्टविषयीचा 1920 चा, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा 1939 चा, त्यांच्यावरील नियंत्रणाचा 1946 चा आणि वाहतूक कंपन्यांच्या जबाबदारीचा 2000 चा असे चार कायदे त्याने मोडीत काढले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, बनावट कागदपत्रांसाठी सात वर्षांपर्यंत कैद, अशा शिक्षा त्यात आहेत. विखुरलेले जुने कायदे एका जागी आणणे गरजेचेच होते. पण जुन्या कायद्यातली सर्वांत जड तरतूद नव्यातही राहिली आहे. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच डोक्यावर आहे. ही तरतूद मुळात महायुद्धाच्या काळातल्या धास्तीतून आलेली. शत्रूचा हेर ओळखायचा कसा, या चिंतेतून घडलेले हत्यार आज बांधकामावरच्या मजुरावर उगारले जाते.

त्याच युद्धकाळात आपल्या भागाने वेगळे काही करून दाखवले होते. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेले. त्यांतून वाचलेल्या बायका-मुलांपैकी सुमारे पाच हजारांना 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. आजारी आणि अशक्त माणसांसाठी सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत आरोग्य छावणी उघडली. वळिवड्यात शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि या लोकांच्या पाठीशी उभे राहणारे सरकारच उरले नाही. त्यांची गावे तोवर सोव्हिएत संघात गेली होती. तरीही त्यांना गाडीत कोंबून तिकडे पाठवले गेले नाही. कोण ब्रिटनला गेले, कोण पोलंडला, कोण दूर ऑस्ट्रेलियाला. छावणी रिकामी झाली तेव्हा तिथे फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले आणि त्या जागेचे आजचे गांधीनगर झाले. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. ज्याला परत पाठवले तर जिवाला धोका आहे त्याला ढकलू नये, हे मात्र आपल्या मातीने करार होण्याआधीच पाळले होते.

सरहद्द म्हणजे काय, हेही सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्याआधी इथे इंग्रजी मुलखाला खेटून सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थाने होती. तासगाव इंग्रजांचे, तर जवळचे कुंडल औंधचे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारातल्या कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दीचा किती आधार झाला, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक होते. एकाच शिवारातला माणूस रेषेच्या अलीकडे फरारी आणि पलीकडे पाहुणा होता. रेषा माणसे आखतात. तिच्यापायी कोणाचे काय होते, याची जबाबदारीही माणसांवरच येते.

आता आजच्या माणसाकडे वळू. खानापूर, आटपाडी, माण, खटाव हा दुष्काळी पट्टा. पावसाने दगा दिला म्हणून इथली पोरे गलाईच्या धंद्यात गेली आणि देशभर पसरली. केरळपासून बंगाल-आसामपर्यंत सराफ बाजाराच्या बोळात त्यांचे लहानसे दुकान असते. आत भट्टी, मूस, तेजाब आणि तराजू. सराफाकडचे जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात घालून चांदी-तांबे वेगळे करायचे आणि शुद्ध सोन्याची लगड तोलून द्यायची. मुले तिथल्या शाळेत तिथली भाषा शिकतात; रेशन कार्ड, सातबारा आणि कुलदैवत इकडे असते. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला ही माणसे कुठूनही येतात. आणि परमुलखात केव्हातरी पोलीस दारात उभे राहतात: चोरीचे सोने तुम्ही वितळवलेत. चोरीचा माल घेतल्याचे पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 411, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 317. गलाईवाल्यांच्या विट्यात या कलमाची तक्रार कित्येक वर्षे ऐकू येते. भाषा येत नाही, ओळखीचा वकील नाही, जामीन कोण राहणार? अशा वेळी घरच्यांची मागणी असते ती एवढीच, की आमच्या माणसाला कोर्टापुढे उभे करा, आम्हाला कळवा, त्याचे म्हणणे ऐका.

नेमकी हीच मागणी आपल्याकडच्या सराफ पेठांत दागिने घडवणाऱ्या बंगाली कारागिराच्या आईची असते. जून 2025 मध्ये मुंबई परिसरात बांगलादेशी समजून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेवर नेऊन पलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे निघाल्यावर त्यांना परत आणावे लागले. गावाकडून कागद येईपर्यंत थांबायचीही कोणाची तयारी नव्हती. माणूस परत आला म्हणून चूक मिटत नाही. ज्याच्या गावी धावपळ करणारे कोणी नाही, त्याचे काय?

कायदा याबाबत मुका नाही. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या बाबासाहेबांच्या मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात देशात कुठेही फिरण्या-राहण्याचे कलम 19 चे स्वातंत्र्य नागरिकांनाच आहे. पण कायद्यापुढील समानतेचे कलम 14 आणि जीविताचे कलम 21 या भूमीवरच्या प्रत्येकाला लागू आहेत. अटकेनंतर 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याचा कलम 22 चा नियमही, शत्रूराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता हे अपवाद सोडले, तर परदेशी माणसाला लागू आहे. परदेशी व्यक्तीला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 1955 च्या हान्स म्यूलर खटल्यात मान्य केला. 1991 च्या लुई द राएट खटल्यात तोच अधिकार कायम ठेवताना कलम 21 चे संरक्षण परदेशी माणसालाही आहे, असे सांगितले. जुलै 2024 मध्ये आसाममधल्या एका प्रकरणात न्यायालय आणखी स्पष्ट बोलले: हाती प्राथमिक आधार नसताना वाटेल त्याला पकडून ‘नागरिकत्व सिद्ध कर’ असे म्हणता येणार नाही.

दुसरी बाजू पोकळ नाही. बेकायदा घुसखोरी होते, दलाल पैसे घेऊन बनावट आधार आणि पॅन काढून देतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये म्हटलेच आहे, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्याने कोणी नागरिक ठरत नाही. हे मान्य. मग उलटही मान्य करावे लागेल: ही कार्डे पुरेशी नसतील, तर गरिबाने दाखवायचे काय? घरीच बाळंतपणे झालेल्या पिढीकडे जन्मदाखला नाही, शाळा अर्धी सुटली म्हणून दाखला नाही. ज्या कसोटीवर आटपाडीची म्हातारी मजूरही नापास होईल, ती कसोटी पोलीस ठाण्याच्या बाकावर एका रात्रीत लावून चालणार नाही. घुसखोर शोधायचा असेल तर चौकशी नीट व्हायला हवी, कारण घाईत खरा घुसखोर निसटतो आणि बोलीमुळे वेगळा वाटणारा देशबांधव सापडतो.

आपली मुले सातासमुद्रापार आहेत, म्हणूनही हे आपले आहे. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेचे लष्करी विमान बेड्या घातलेल्या 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्या बेड्या पाहून देश हळहळला, ते योग्यच झाले. एप्रिलमध्ये त्याच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांना टोळीवाले ठरवले होते त्यांनाही हद्दपारीपूर्वी नोटीस आणि दाद मागण्याची संधी दिली पाहिजे, असे बजावले. परदेशात आपल्या माणसासाठी जे मागतो, ते आपल्या जिल्ह्यात परक्या वाटणाऱ्या माणसाला नाकारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

म्हणून सातारा आणि सांगलीच्या प्रशासनाकडे मागणी साधी आहे. नागरिकत्वाच्या संशयावरून कोणालाही ताब्यात घेतले, तर अटकेचे कारण त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावे आणि घरी कळवावे. 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावे. कोठडीतल्या व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकिलाचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पहिल्याच दिवशी तिथे असावा. ज्या जिल्ह्याचा पत्ता त्याने सांगितला, तिथल्या प्रशासनाचे लेखी उत्तर येईपर्यंत त्याला सीमेकडे नेऊ नये. निर्णय विरुद्ध गेला, तर उच्च न्यायालयात जाण्याइतका वेळ द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची इच्छा लागते. एवढे करूनही जो खरोखर परदेशी ठरेल त्याला सरकारने खुशाल परत पाठवावे. तो निर्णय कायद्याचा असेल आणि त्याचा हिशेब उद्या कोणालाही देता येईल.