विझणारी ज्योत आणि अधीर गृहस्थ

अमेरिकेतील कित्येक जुन्या घरांच्या तळघरांत घर ऊबदार राखणारी वायूची भट्टी असते. बटण सोडताच तिची सदैव तेवणारी लहानशी पायलट ज्योत विझू लागली, की अधीर गृहस्थाला बटण दाबूनच बांधून ठेवावेसे वाटते. हा विचार अत्यंत घातक होय. ज्योतीत दोन धातूंचे तपयुग्म असते. झेबेक यांना १८२१ मध्ये आढळलेल्या परिणामामुळे, सांधा तापताच त्यात विद्युत् दाब उत्पन्न होतो, जेमतेम ०.०३ व्होल्ट! त्यावरच वायूची झडप उघडी राहते. धुळीने ज्योत मंदावली वा तपयुग्म निकामी झाले, तर झडप मिटते, आणि ते योग्यच. धूळ काढवावी, तपयुग्म बदलवावे. ते फारसे महाग नसते. वायूचा वास आल्यास मात्र काडी ओढू नये, दिव्याच्या बटणालाही हात लावू नये. घराबाहेर पडून मगच मदत मागवावी.