उमेदवाराची थोरवी आणि उमेदवाराची भूमिका

दर सम वर्षी, आपल्याकडे वैशाखाचे ऊन तापलेले असते त्या सुमारास, ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकाची काही पाने निवडणुकीसाठी राखून ठेवलेली असतात. ‘असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी’ या न्यूयॉर्कमधील संस्थेच्या अध्यक्षपदासाठी आणि त्याखालच्या काही हुद्द्यांसाठी उभ्या राहिलेल्या उमेदवारांची छायाचित्रे, त्यांच्या पदव्या, त्यांनी भूषविलेली पदे, त्यांना लाभलेले सन्मान आणि सरतेशेवटी त्यांचे निवेदन, असा त्या पानांचा क्रम ठरून गेलेला आहे. गेली कित्येक वर्षे एक सभासद या नात्याने मी ही पाने मन लावून वाचत आलो आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट मनाला टोचत राहिली आहे : सन्मानांची यादी जितकी काटेकोर, तितके निवेदन मोघम. कोणत्या वर्षी कोणत्या अकादमीने आपल्याला सदस्यत्व दिले हे उमेदवार बिनचूक सांगतो; परंतु निवडून आल्यावर आपण काय करणार हे सांगण्याची वेळ आली, की संस्था अधिक जागतिक व्हावी, तरुणांचा सहभाग वाढावा, सर्वांना सामावून घेतले जावे, अशा इच्छा पुढे येतात. त्या इच्छांत वाईट काहीच नाही. पण ज्या वाक्याला कोणाचाही विरोध संभवत नाही ते वाक्य मतदाराच्या उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या आधारे दोन उमेदवारांतून एकाची निवड करता येत नाही.

ही संस्था लहानसहान नव्हे. १९४७ च्या सप्टेंबरात कोलंबिया विद्यापीठात जमलेल्या मंडळींनी तिची स्थापना केली, तेव्हा जगातील संगणकयंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज तिचे सभासद लाखाच्या घरात आहेत, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार ती १९६६ पासून देत आली आहे, आणि या शास्त्रातले संशोधन ज्या परिषदांतून व नियतकालिकांतून जगापुढे येते त्यांतील फार मोठा भाग तिच्या छत्राखाली चालतो. अध्यक्षाची मुदत दोन वर्षांची असते, आणि ती पाहता पाहता सरते. तेवढ्या काळात संस्थेचे एखादे धोरण वळवावयाचे असेल, तर ते कोणत्या दिशेला वळवायचे हे उमेदवाराच्या मनात आधीच पक्के असावे लागते, आणि जे त्याच्या मनात पक्के आहे ते जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे.

विद्वत्तेचा अनादर करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ‘एनिअ‍ॅक’ हे यंत्र घडविणाऱ्या जोडीपैकी जॉन मॉक्ली या संस्थेचे अध्यक्ष होते. रिचर्ड हॅमिंग १९५८ ते १९६० या काळात आणि अ‍ॅलन पर्लिस १९६२ ते १९६४ या काळात अध्यक्ष होते. पुढे पर्लिस पहिल्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी ठरले आणि १९६८ साली तो मान हॅमिंग यांच्याकडे गेला. अशी माणसे संस्थेच्या आघाडीला असावीत यात दुमत होण्याचे कारण नाही. पण निवडणुकीची रीत कशी आहे तेही ध्यानात घेतले पाहिजे. अध्यक्षपदासाठी निदान दोन नावे सुचविण्याचे काम एका नामनिर्देशन समितीकडे असते. त्याखेरीज ज्याला उभे राहावयाचे असेल त्याने ठरावीक संख्येने सभासदांच्या सह्यांचा अर्ज दाखल करावा, अशी तजवीज आहे. म्हणजे मतपत्रिका आपल्यापर्यंत येते तेव्हा लायकीचा प्रश्न बहुतांशी निकालात निघालेला असतो. समितीने पुढे केलेले दोघेही विद्वान, दोघेही अनुभवी, दोघेही सन्मानित. त्यानंतर उरतो तो भूमिकेचा प्रश्न. आणि नेमक्या त्याच प्रश्नावर निवेदने मौन धरून बसतात.

भूमिका म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. तालुक्याच्या गावी असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी काही वर्षे शिकवीत होतो. तिथला तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी, ज्याचे वडील एसटीत वाहक होते, एका दुपारी प्रयोगशाळेत माझ्याकडे आला आणि त्याने मला पडदा दाखविला. एका शोधनिबंधाचे शीर्षक, लेखकांची नावे आणि सहा ओळींचा सारांश एवढे त्याला दिसत होते. त्याखाली डॉलरमध्ये किंमत लिहिलेली होती, आणि तिचे रुपये केले तर त्याच्या महिन्याच्या खाणावळीचा निम्मा खर्च होत होता. त्याने सारांशाच्या त्या सहा ओळी वहीत उतरवून घेतल्या होत्या, आणि पुढच्या बारा पानांत काय असेल याचा तर्क मला विचारीत तो माझ्या टेबलाशी उभा होता.

आता याच विषयात संस्थेने काय केले ते पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये, सरकारी पैशातून झालेले संशोधन प्रसिद्ध होताक्षणी सर्वांना मोफत खुले करावे असे फर्मान अमेरिकेचे सरकार काढणार अशी वदंता उठली, तेव्हा त्याला विरोध करणारे एक पत्र तेथील प्रकाशक आणि विद्वत्संस्था यांनी मिळून राष्ट्राध्यक्षांकडे धाडले, आणि त्यावर सही करणाऱ्यांत एसीएमही होती. अनेक सभासदांनी याचा उघड निषेध केला. आमच्या नावाने ही सही कोणाला विचारून केली, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. पुढे वारे फिरले. २०२२ साली संस्थेने १९५१ ते २००० या काळातले आपले सारे प्रकाशन सर्वांसाठी खुले केले, आणि २०२६ च्या आरंभापासून आपले सगळे संशोधन-प्रकाशन मुक्त करण्याचा मार्ग तिने पत्करला. या स्थित्यंतराचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु खर्चाचा बोजा वाचकाच्या शिरावरून उतरून लेखकाच्या आणि त्याच्या विद्यापीठाच्या शिरावर येतो तेव्हा, ज्या विद्यापीठाच्या गंगाजळीत तेवढी रक्कमच नाही त्याने काय करावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. वर सांगितलेला विद्यार्थी उद्या स्वतः निबंध लिहू लागला, तर ज्या दाराने त्याला वाचावयास आत घेतले तेच दार लिहिताना त्याच्यापुढे बंद होणार नाही, याची हमी उमेदवार देतो काय? सवलत कोणाला, किती, आणि त्याचा भार कोणी सोसावयाचा, हे त्याने चार ओळींत लिहावे. त्या चार ओळी मला त्याच्या सगळ्या सन्मानांहून अधिक मोलाच्या वाटतील.

असे लिहिणारी, आणि लिहिल्याप्रमाणे वागणारी, माणसे या संस्थेने पाहिलेली आहेत. १९७४ साली अध्यक्ष झालेल्या जीन सॅमेट या त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. कोबोल भाषेच्या घडणीत त्यांचा वाटा होता हे सर्वश्रुत आहे. पण मला अधिक भावते ते हे, की बीजगणितातल्या पदावल्या यंत्राकडून सोडवून घेण्याचा विषय अगदी बाल्यावस्थेत असताना, १९६५ साली, त्यांनी त्यासाठी संस्थेत एक स्वतंत्र समिती उभी केली, नंतर उपाध्यक्षपदाची जबाबदारी सांभाळली, आणि मग त्या अध्यक्ष झाल्या. संस्थेचे दप्तर त्यांना आतून ठाऊक होते.

दुसरे नाव बार्बरा सायमन्स यांचे. १९९८ ते २००० या काळात त्या अध्यक्ष होत्या, आणि त्याआधी सार्वजनिक धोरणाविषयी सरकारशी बोलणारी संस्थेची समिती उभी करण्यात त्या पुढे होत्या. निवडणुकीत मते नोंदविणाऱ्या यंत्रांबाबत त्यांनी घेतलेली भूमिका मला अत्यंत निर्भय वाटते. यंत्रे बनविणारे आणि ती विकत घेणारे सरकारी अधिकारी असे दोघेही संगणकावर भरवसा ठेवा म्हणत होते. आणि ज्यांचे आयुष्य संगणकात गेले त्या म्हणत होत्या, की मतदाराला डोळ्यांनी पाहता येईल असा कागदाचा पुरावा नसेल तर हा भरवसा व्यर्थ आहे. २००४ च्या जानेवारीत त्यांनी आणि तिघा सहकाऱ्यांनी परदेशस्थ अमेरिकी सैनिकांसाठी योजलेल्या आंतरजाल-मतदानातले धोके दाखविणारा अहवाल प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच महिन्यात तेथील संरक्षण खात्याने ती योजना गुंडाळली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये मताची कागदी पोच ही निःपक्ष निवडणुकीची अपरिहार्य गरज आहे असा निर्वाळा दिला, तेव्हा मला सायमन्स यांची आठवण झाली. स्वतःच्या शास्त्राची मर्यादा स्वतःच्या शास्त्राच्या वतीने जगाला सांगणे, हे अशा संस्थेच्या अध्यक्षाचे पहिले कर्तव्य आहे असे मी मानतो, आणि बुद्धिमान यंत्रांविषयी रोज नवी ग्वाही दिली जात असलेल्या आजच्या काळात तर त्याची निकड शतपट वाढली आहे. लोकहित हाच सर्वांत वरचा विचार, असे संस्थेच्या २०१८ च्या आचारसंहितेत नमूद आहे. ज्या बड्या कंपन्यांत तिच्या सभासदांपैकी हजारो नोकरी करतात, त्या कंपन्यांचे हित आणि लोकहित यांची गाठ पडेल तेव्हा अध्यक्ष कोणत्या बाजूस उभा राहील, हे मतदानाआधी कळले पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. उमेदवारांनी वादाच्या प्रश्नांवर भूमिका घेतल्या, तर विद्वत्संस्थेचा आखाडा होईल, तट पडतील, आणि हार पत्करण्याची तयारी नसलेली मोठी माणसे उभीच राहणार नाहीत, असे म्हणतात. मराठी वाचकाला हा युक्तिवाद परका नाही. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक याच कारणासाठी बंद झाली, आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणाताई ढेरे यांची निवड मतदानाविना झाली. ती निवड सर्वांना समाधान देणारी होती, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु संमेलनाध्यक्षाचे पद मुख्यतः मानाचे आहे, आणि व्यावसायिक संस्थेच्या अध्यक्षाच्या हाती कारभार आहे. त्याच्या सहीने लक्षावधी डॉलरांचे व्यवहार होतात, सरकारला पत्रे जातात, सभासदांच्या तोंडी न विचारता शब्द घातले जातात. जिथे कारभार आहे तिथे मतभेद असणारच. ते निवडणुकीत बोलले गेले नाहीत तर नाहीसे होत नाहीत, बंद दालनात जातात एवढेच, आणि २०१९ सालच्या त्या पत्रासारखे अवचित बाहेर येतात.

आपल्याकडच्या ‘कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’चा उगमही मला याच संदर्भात आठवतो. १९६५ साली ती स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले प्रा. आर. नरसिंहन, ज्यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक या देशात, या शहरात, आपल्या माणसांनी बांधला होता. पुढे फकीरचंद कोहली यांनीही ते पद सांभाळले. त्या पिढीत काम आणि भूमिका यांत अंतर पडावयास जागाच नव्हती, कारण यंत्र देशात बांधावयाचे की बाहेरून आणावयाचे, या वादात अध्यक्ष आपल्या हातच्या कामानेच उत्तर देत होता. आज तशी सोय उरलेली नाही. म्हणूनच उत्तर लिहून मागावे लागते.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्यामागे एक जुना प्रसंग आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी अशाच एका व्यावसायिक संस्थेच्या शहर-शाखेचा मी सभासद होतो. अध्यक्षपदासाठी दोघे उभे होते. एकाचे गुळगुळीत कागदावर छापलेले चौपानी परिचयपत्र आले, त्यात परदेशी परिषदांची छायाचित्रे होती. दुसरे होते शाखेचे चिटणीस, जे दर शनिवारी संध्याकाळी सभागृह उघडून स्वतः खुर्च्या मांडीत आणि पत्र्याच्या पेटीत शाखेच्या वह्या जपून ठेवीत. त्यांनी फुलस्केपच्या अर्ध्या पानावर तीन वाक्ये झेरॉक्स करून वाटली : मतदारांची यादी तीन महिन्यांत दुरुस्त करीन, जमाखर्च तपासून घेऊन दर जूनला सभासदांपुढे ठेवीन, ग्रंथालयाची किल्ली रविवारीही मिळेल. मी चौपानी परिचयपत्राला मत दिले, आणि बहुतेकांनी तेच केले.

दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. मला ज्यांनी हा विषय शिकविला ते सर त्याआधीच्या श्रावणात निवर्तले होते. तरीही यादीत त्यांचे नाव तसेच होते आणि मतपत्रिकेचे पाकीट त्यांच्या घरी गेले. काकू ते न फोडता पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आल्या, आणि हे कोणाकडे परत करायचे रे, असे त्यांनी मला विचारले.