घरच्या घरी : व्हॅनिलाचा अर्क

केकमध्ये आपण घालतो तो बाजारचा इसेन्स बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेल्या व्हॅनिलिनचा असतो. खरी व्हॅनिला म्हणजे एका वेलीच्या शेंगा. आपल्याकडे कर्नाटक-केरळात ही वेल लावतात. फूल जेमतेम एक दिवस टिकतं आणि परागीकरण एकेका फुलाचं, हातानेच करावं लागतं. १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने ही युक्ती शोधली, ती आजही चालते. एवढ्या खटाटोपाची वस्तू महाग असायचीच!

अर्काची कृती मात्र सोपी. शेंगा मऊ, तेलकट, काळपट तपकिरी हव्यात. वाकवताच कडकन मोडली तर घेऊ नका. (माझ्या पहिल्या खेपेच्या तशाच निघाल्या. पैसे पाण्यात.) २५ ग्रॅम, म्हणजे सात-आठ शेंगा उभ्या चिरून २५० मिलिलिटर व्होडकात पूर्ण बुडवायच्या. काचेची बाटली अंधाऱ्या फडताळात ठेवून अधूनमधून हलवायची. दोन महिन्यांनी अर्क वापरता येतो, सहा महिन्यांनी खरा वास उतरतो.

व्होडका म्हटल्यावर तुमच्या भुवया उंचावल्या असतील. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात त्यासाठी परवाना लागतो, हे आधी सांगते. पण खरी अडचण घरातली.

माझं सासर सापगावचं, भातसेच्या काठी. थोरल्या दिरांना दारूने नेलं. मला वाटलं, फडताळात मागे बाटली ठेवली तर कोणाला कळणार? डाळीचा डबा काढताना सासूबाईंना दिसलीच. एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण रात्री जेवायला बसल्या नाहीत. मी समजावायला गेले, "अहो, हे औषधासारखं थेंब-थेंब घालायचं." तर म्हणाल्या, "सूनबाई, तोही आधी औषध म्हणूनच आणायचा."

बाटली मी त्याच रात्री मोरीत ओतली. ज्या घराला असे चटके बसलेत, तिथे ही कृती करूच नका. केक भाजताना दारू सगळी उडून जाते असं सांगतात, तेही पूर्ण खरं नाही.

मग काय करायचं? व्हॅनिलाची साखर! दोन ताज्या शेंगा चिरून, आतले बारीक काळे दाणे सुरीने खरवडून अर्धा किलो साखरेत कालवा. साली त्याच साखरेत खुपसा. घट्ट झाकणाच्या बरणीत दोन-तीन आठवडे ठेवा, मधून मधून हलवा. ओला चमचा घालू नका. कस्टर्ड, नानकटाई, मिल्कशेक, सगळ्यात चालते. घातली तेवढी साधी साखर कमी करा. कोणी खाण्याच्या ग्लिसरीनमध्ये तीन भागांना एक भाग पाणी घालून शेंगा मुरवतात. वास जरा फिका उतरतो, पण चालतं.

बरणी निम्मी झाली की वरून नवी साखर घाला. साली वर्षभर तरी वास देतात. आमची बरणी आता सासूबाईच हलवतात, संध्याकाळी दिवा लावून झाला की.