गंजावर रंग फासू नका!

पावसाळा तोंडावर आला की आपल्या राज्यात लोखंड रंगवण्याची एकच घाई उडते. पादचारी पुलांवर, टाक्यांच्या जिन्यांवर, जेट्टीच्या कठड्यांवर वायर ब्रशचे चार फटकारे मारले जातात. लगेच रेड ऑक्साइड आणि वर चकचकीत इनॅमल! बिल निघते, सही होते आणि रंगाच्या आड गंज निर्धास्तपणे पोलाद खात राहतो. याला देखभाल म्हणायचे? ही जनतेच्या डोळ्यांत केलेली धूळफेक आहे, आणि आम्ही तिचा जाहीर धिक्कार करतो!

रंग पोलादाला वाचवतो, पण तो पोलादाला चिकटला तरच. तापवून लाटलेल्या पोलादावर निळसर-काळी खपली असते. तिच्या तड्यांत ओल शिरली की खपली सुरक्षित राहते आणि शेजारचे उघडे पोलाद झिजते. रंगाखाली राहिलेले मीठ रंगातून पाणी ओढून घेते आणि फोड आणते. तेल आधी न पुसता ब्लास्टिंग, म्हणजे दाबाने कणांचा मारा, केले, तर तेच तेल पृष्ठभागभर पसरते. खरकट्या भांड्याला कल्हई धरत नाही, हे गल्लीतला कल्हईवाला जाणतो. मग कोट्यवधींच्या निविदा काढणाऱ्यांना ते का उमगू नये?

नियम नाहीत, ही सबब चालणार नाही. आयएसओ 8501-1 या मानकात गंजाच्या आणि सफाईच्या पायऱ्या छायाचित्रांसह दिल्या आहेत. त्यातली एसए 2½ ही पायरी सांगते की तेल, खपली, गंज आणि जुना रंग गेलाच पाहिजे. फार तर पुसट डाग राहतील. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी जास्त हवे, हा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. मग किनारपट्टीवर दवाने ओलसर झालेल्या गर्डरवर भल्या पहाटे ब्रश फिरतोच कसा?

‘ब्लास्टिंग परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी स्कॉटलंडकडे पाहावे. 1890 साली खुला झालेला फोर्थ रेल्वेपूल कधीच न संपणाऱ्या रंगकामासाठी जगभर प्रसिद्ध होता. अखेर जुने थर उतरवून, पोलाद उघडे करून, त्यावर तीन थरांचे नवे लेपन चढवले गेले. 2011 मध्ये काम पूर्ण झाले, तेव्हा हे लेपन किमान 25 वर्षे टिकेल असे सांगितले गेले. दरवर्षी फासला जाणारा स्वस्त रंगच अखेर सर्वांत महाग पडतो!

आणि आपल्याकडे? 4 डिसेंबर 2023 रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. खाऱ्या वाऱ्याने नट-बोल्ट गंजल्याचा इशारा त्याआधीच दिला गेला होता. त्या दुर्घटनेची कारणे एकाहून अधिक होती. पण समुद्र कोणाची गय करत नाही, एवढे तरी महाराष्ट्राने त्यातून शिकायला नको का?

या व्यवहारात आणखी एक पाप आहे. स्वस्तात उरकायचे म्हणून वाळूचा मारा केला जातो. तिच्यातली सिलिकाची धूळ कामगाराच्या फुफ्फुसात उतरते आणि सिलिकोसिस जडतो, ज्यावर उतारा नाही. तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे संरक्षण नव्हे! वाळूऐवजी गार्नेट किंवा स्टील ग्रिट वापरा आणि कामगाराला शुद्ध हवेचा पुरवठा असलेले शिरस्त्राण द्या. पोलाद वाचवताना माणूस मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. निविदेत सफाईची बाब वेगळी लिहा आणि तिचे पैसे वेगळे द्या. प्रायमरआधी काम थांबवा. सफाईची पायरी, मिठाचे प्रमाण आणि पोलादाचे तापमान नोंदवा, छायाचित्रे काढा आणि ती जनतेला पाहू द्या. ब्लास्टिंग शक्यच नसेल तिथे तसे लेखी नमूद करून त्या पृष्ठभागाला चालणारेच लेपन निवडा. न तपासलेल्या पोलादावर रंग चढवणाऱ्या ठेकेदाराला बिल नाही, आणि डोळे मिटून सही करणाऱ्या अधिकाऱ्याला अभय नाही! रंगाचा पहिला हात लागला की खालचा गुन्हा झाकला जातो; म्हणून पहारा त्या हाताच्या आधीच बसला पाहिजे. तो बसवणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि तो बसेपर्यंत जाब विचारत राहणे तुमचे-आमचे!