वाकायचं, पण कुठवर?

परवा संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामाजी, वर्ध्याला एका क्लासवाल्यानं बोलावलं होतं. मी पंचवीस हजार सांगितले, तो चौदाच्या वर जात नाही. घेऊ का?" दोन वर्षांपासून तो काम शोधतो आहे. घरी दोन लेकरं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण मागच्या वेळी लगेच दिलं होतं.

तेव्हा २०१३ साल होतं. तो बी.एड. होऊन घरी बसला होता. राज्यात २०१२ पासून शिक्षकभरती जवळजवळ बंद. एका विनाअनुदानित शाळेचं बोलावणं आलं. पगार नाही, अनुदान आलं की मिळेल. २००९ साली सरकारनं 'कायम विनाअनुदानित'मधला 'कायम' शब्द काढला होता, त्यामुळे अशा शाळांत आशा होती. मी म्हटलं, "चिकटून राहा. पैशाकडे पाहू नको." सेवाग्राम-पवनारच्या जिल्ह्यात राहतो ना आपण, त्यागाचा उपदेश पटकन जिभेवर येतो. आणि उपदेश करणारा मी, दरमहा पेन्शन घेणारा!

पाच वर्षं त्यानं फुकट शिकवलं. गाडीच्या पेट्रोलचे पैसे माझी बहीण द्यायची. शेवटी त्यानं ती शाळा सोडली.

कमी पगारावर काम करणं वाईट नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिकला महिना ३००० आणि माध्यमिकला ४००० रुपये मानधन होतं. फारच कमी. (२०२३ मध्ये ते १६,००० आणि १८,००० झालं.) पण तिथे मुदत होती: तीन वर्षं, पुढे वेतनश्रेणी. कागदावर लिहिलेलं होतं. माझ्या भाच्याजवळ तारीख नव्हती, होता फक्त शब्द. मुदत असेल तर ती तडजोड, नसेल तर ती वेठ.

गांधीजींनी १९०४ साली रस्किनचं पुस्तक वाचलं. त्यातून त्यांनी घेतलं ते असं, की वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचं मोल सारखंच, कारण पोट भरायचा हक्क दोघांनाही सारखा. त्यागाच्या गोष्टी सांगताना हा पोटाचा हक्क मात्र मी विसरलो होतो.

असो. या वेळी मी त्याला म्हटलं, "घरखर्चाला किमान किती लागतात ते आधी सुनेसोबत बसून मांड. चौदात भागत असेल तर घे. पण रोजचे तास किती, ते लिहून घे. सहा महिन्यांनी पगाराचं पुन्हा बोलायचं, हे आजच ठरव. आणि शोध थांबवू नको."

थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मामाजी, हे तेव्हा सांगितलं असतं तर?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. घरात कुणी काम शोधत असेल, तर 'जुळवून घे' म्हणण्याआधी आपण मोठ्यांनी एकदा विचारावं, "किती दिवस?"