जुन्या जीपला नवा गियरबॉक्स

वैजापूर, कन्नड, सिल्लोड, पैठण, आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात कुठेही जा, एखाद्या गोठ्याशेजारी जुनी महिंद्रा जीप उभी दिसतेच. कधीकाळी तिने कांद्याची पोती वाहिली, वऱ्हाड नेले, रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात पोचवली. आता घरातला तरुण म्हणतो, ‘‘हिला पाच गियरचा नवा बॉक्स बसवू, मग बघा कशी पळते!’’ आजोबा म्हणतात, ‘‘आहे तीच बरी.’’ दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. तेव्हा पैसे मोजण्याआधी जरा हिशेब मांडू.

महिंद्रा कंपनीने विलीज जीपची जुळणी १९४९ साली मुंबईत माझगावला सुरू केली. पुढे गावोगाव दिसू लागली ती उंच बॉनेटची सी.जे. थ्री-बी. तिला पुढचे गियर तीनच. दुसऱ्या व तिसऱ्याला सिंक्रो आहे, पहिल्याला नाही. सिंक्रो म्हणजे गियर अडकण्याआधी दोन्ही चाकांचा वेग सारखा करणारी पितळी कडी. ती नसल्यामुळे चालत्या गाडीत पहिला गियर टाकला की दाते कडकडतात. जुने ड्रायव्हर म्हणूनच एकदा क्लच दाबून न्यूट्रल करीत, थोडी रेस देत, पुन्हा क्लच दाबून गियर टाकीत.

आता वेगाचे पाहू. टॉप गियरमध्ये या जीपच्या चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे ५.३८ फेरे होतात. ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे मारते. नव्या बॉक्सचा पाचवा गियर ०.८५ चा धरला, तर तेवढ्याच वेगाला साधारण २,००० फेरे पुरतात. आवाज कमी, झीज कमी, तेलही थोडे वाचते. मात्र चढ लागला किंवा मागे ओझे असले की पाचवा सोडून चौथ्यावर यावेच लागते.

शेतातल्या कामाचे गणित उलटे आहे. पहिला गियर आणि शेजारचा लो-चा दांडा दोन्ही टाकले, की चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन सुमारे ३७ फेरे मारते. चिखलातून ट्रॉली ओढायला ही ताकद पुष्कळ झाली. म्हणजे नव्या बॉक्सचा फायदा मुख्यतः डांबरी रस्त्यावर. तुमची जीप वर्षातून किती दिवस हायवेला लागते, ते घरात बसून मोजा. दहा-बारा दिवसच असतील, तर त्या पैशात दुसरे काही होईल.

एक फायदा मात्र मोठा आहे, तो घाटात. औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे जाताना ब्रेक तापले, तर आधार इंजिनाचाच. अशा वेळी जुन्या बॉक्सचा पहिला गियर चालत्या गाडीत सहजी पडत नाही. सिंक्रोचा बॉक्स असेल तर गियर उतरवणे सोपे जाते. तरीही नियम एकच: ज्या गियरने घाट चढाल त्याच गियरने उतरा, आणि तो उताराच्या तोंडाशीच टाका.

बदल करायचाच ठरला, तर नुसता बॉक्स आणून भागत नाही. इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये जाड प्लेट लेथवर करून घ्यावी लागते. ती केसभर जरी तिरकी बसली तरी बेअरिंग खाते. क्लच प्लेटचे दाते नव्या शाफ्टाशी जुळावे लागतात. नवा बॉक्स लांब असतो, म्हणून मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. आधीच आखूड असलेल्या जीपमध्ये तो आणखी तिरपा होतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हँडब्रेक. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. ती केस बदलली की हँडब्रेकही जातो. उतारावर पोरेबाळे बसलेली गाडी दगड लावून उभी करण्याची पाळी येऊ देऊ नका. मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच विचारा.

कंपन्याही असे बदल करताना जोडी पाहतात. १९९० नंतरच्या दशकात अँबेसेडरला पाच गियर आले, ते इसुझूच्या नव्या १८०० सी.सी. इंजिनासह आले.

कागदांचेही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. तेव्हा काम सुरू करण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत लेखी विचारून घ्या. २०२१ पासून ५० वर्षांवरील खाजगी गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, पण ती मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी. आजोबांची जीप त्या वयाची असेल, तर जुना बॉक्स भंगारात मुळीच देऊ नका.

आमचे सांगणे असे: आधी जुना बॉक्स उघडून पाहा. गियर आपोआप निसटतो, आवाज येतो, यामागे बहुधा झिजलेली बेअरिंग किंवा पितळी कडी असते. ती बदला, आणि पितळेला मानवणारे जी.एल.-४ दर्जाचे तेल भरा. एवढ्यावर पुष्कळ जीपा पुन्हा उभ्या राहतात. त्यानंतरही हायवेची गरज उरलीच, तर कागद, हँडब्रेक आणि शाफ्ट या तिन्हींची सोय लावूनच नव्या बॉक्सला हात घाला. वेग वाढला की थांबण्याचीही तयारी हवी, म्हणून पुढच्या अंकी जुन्या ड्रम ब्रेकविषयी बोलू.