सिंधुबंदी उठली काय?

माळव्याच्या पठारावर धार शहराजवळ तिरला नावाचे गाव आहे. मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांचा इतिहास ज्यांनी मन लावून वाचला असेल, त्यांना हे नाव अगदीच अपरिचित वाटणार नाही. माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दयाबहादूर यांच्याशी झालेल्या संग्रामाच्या संदर्भात अमझेरा व तिरला या दोन जागांची चर्चा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. अमझेऱ्याची लढाई १७२८ च्या नोव्हेंबरात झाली. ती जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांनीच पुढे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला, हे तर कोकणातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पठारावरच्या लढाईतून खाडीकाठच्या वेढ्यापर्यंत जाण्यास त्या पिढीला अकरा वर्षे लागली. आज मात्र प्रवास उलट्या दिशेने चालला आहे की काय, अशी शंका यावी अशी परिस्थिती आहे. पाण्याची विद्या किनारा सोडून पठारावर जाऊन बसली आहे.

हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून थोडा तपशील देतो. तिरल्याच्या मुलखातून दक्षिणेस विंध्याचा उतार ओलांडला की नर्मदेचे खोरे लागते. तेथेच अहिल्यादेवींचे महेश्वर आहे. महेश्वरजवळ नर्मदा खडकांतून असंख्य धारांनी फुटते. त्या जागेला सहस्रधारा म्हणतात. या सहस्रधारेवर फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धेतील कनू स्लॅलमच्या शर्यती झाल्या. खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून वल्ह्याच्या बळावर नौका काढण्याचा हा खेळ म्हणजे अंगातल्या पाण्याची खरी परीक्षा. जेथे पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू स्नान करून दीप सोडत आले, तेथे आता पोरेपोरी हेल्मेट घालून प्रवाहाशी झुंजतात. भोपाळची गोष्ट याहूनही ठळक आहे. तेथील तलावांवर मध्यप्रदेश शासनाने जलक्रीडेची प्रबोधिनी चालविली. ग्वाल्हेरची, पायांनी अधू असलेली प्राची यादव भोपाळमध्ये शिकली. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये कनूच्या शर्यतीत उतरणारी ती पहिली भारतीय ठरली, आणि २०२३ मध्ये हांगचौच्या पॅरा आशियाई क्रीडास्पर्धेत तिने सुवर्ण व रौप्य अशी दोन पदके आणली. मासे धरून पोट भरणाऱ्या कुटुंबातली कावेरी ढीमर ही मुलगीही त्याच प्रबोधिनीतून राष्ट्रीय पदकांपर्यंत पोहोचली. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशाने हे केले आहे.

यात एक गमतीची ऐतिहासिक संगती आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. भोपाळचा मोठा तलाव परंपरेने राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो, आणि भोजाची राजधानी होती धार. याच भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात नौकांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. नदीत चालणाऱ्या त्या सामान्य आणि समुद्रात जाणाऱ्या त्या विशेष, असे नौकांचे वर्ग त्यात पाडले आहेत. लोला, गत्वरा, गामिनी अशी त्यांची नावे ऐकली तरी मन डोलते. समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असाही इशारा तेथे आहे. पाण्यातले चुंबकी खडक त्यांना ओढून घेतील, हे त्याचे कारण. कारण आज पटणार नाही, परंतु फळ्या काथ्याने शिवण्याची पद्धत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खरोखरच नांदत होती. नौदलात २१ मे २०२५ रोजी कारवार येथे दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज अजिंठ्याच्या एका चित्रावरून गोव्यात बांधले गेले, ते याच पद्धतीने. कधी काळी पठारावरच्या राजदरबारात किनाऱ्यावरची विद्या लिहून ठेवली गेली. ती विद्या आज किनाऱ्यावर कितीशी जिवंत आहे, हा आमचा प्रश्न आहे.

डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या शहरांतील आणि मोठ्या गावांतील सुशिक्षित घरांत जाऊन पाहावे. खिडकीतून समुद्र दिसतो, जेवणात बांगडा असतो, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो. परंतु घरातल्या मुलांना पोहता येते काय, असे विचारले की यजमान विषय बदलतात. वल्हे मारण्याचे तर नावच नको. पूर्वी शास्त्राधाराने समुद्रोल्लंघन निषिद्ध मानले जाई. त्या सिंधुबंदीवर समाजसुधारकांनी कोरडे ओढले, परदेशगमनाची प्रायश्चित्ते इतिहासजमा झाली, आणि आपण समजलो की बंदी उठली. आपण विमानाने समुद्र ओलांडू लागलो, एवढाच काय तो फरक झाला. समुद्राशी शरीराने संबंध ठेवणे हे कोळ्यांचे, गाबितांचे, खारव्यांचे, दालद्यांचे काम. आपले काम किनाऱ्यावर बसून सूर्यास्त पाहणे, ही वाटणी जशीच्या तशी आहे. आम्ही स्वतः या वाटणीच्या सोयीस्कर बाजूला वाढलो, हे प्रांजळपणे कबूल करतो.

म्हणूनच आपल्या किनाऱ्यावर अलीकडे सागरी कयाकिंगची जी लहान लहान मंडळे उभी राहू लागली आहेत, त्यांच्याकडे हौशी मंडळींचा रविवारचा चाळा म्हणून पाहणे आम्हांस चुकीचे वाटते. कयाक ही ध्रुवप्रदेशातल्या शिकारी लोकांची होडी. हाडांचा व लाकडाचा सांगाडा, त्यावर सीलचे कातडे, आणि मधोमध एक माणूस बसेल एवढे भोक. आज ती प्लास्टिकची वा काचतंतूची होते, पण तत्त्व तेच आहे. कंबरेखाली होडी आणि कंबरेवर माणूस. तिला यंत्र नाही, शीड नाही. दोन्ही टोकांना पाते असलेले एक वल्हे आहे. अशा घडीच्या कयाकमध्ये बसून ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ मध्ये उल्महून डॅन्यूब नदीत उतरला आणि सात वर्षांनी, महायुद्ध पेटले त्याच महिन्यात, ऑस्ट्रेलियाच्या उंबरठ्यावर पोहोचला. त्याच्या वाटेत आपला पश्चिम किनाराही होता. त्या काळी आपल्या बंदरांवर उभ्या असलेल्या नाखव्यांना हा वेडा कोण, असेच वाटले असेल.

परंतु हे वेड आता परके राहिलेले नाही. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हे सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर एकट्याने कयाकमधून कापले. पुढे २०१६-१७ मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा किनारा त्यांनी वल्हवत पार केला. शांजली शाही त्या वेळी किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवरून सोबत करीत होत्या. या पराक्रमाची बातमी वर्तमानपत्रांनी छापली, आम्हीही वाचली आणि कौतुक केले. तथापि एका माणसाच्या पराक्रमाने किनारा बदलत नाही. पराक्रमी माणूस क्वचित जन्मतो. मंडळ मात्र दर आठवड्याला भरू शकते.

मंडळात काय शिकतात, हे येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण बाहेरच्यांना त्यात नुसती वल्हवण्याची मौज दिसते. पहिला धडा उलटण्याचा असतो. उथळ पाण्यात होडी मुद्दाम पालथी करायची, डोके पाण्याखाली असताना न घाबरता कंबरेभोवतीचे आच्छादन सोडवायचे आणि बाहेर यायचे. दुसरा धडा दुसऱ्याला वाचविण्याचा. सोबत्याची पाण्याने भरलेली होडी आपल्या होडीवर आडवी ओढून रिकामी करायची, तिला आधार द्यायचा आणि त्याला आत चढवायचे. वल्ह्याच्या एका झटक्याने उलटलेली होडी न सोडता सरळ करण्याची कला त्यानंतर, ज्याला साधेल त्याला. मग हवेचा अभ्यास. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. पाणी आरशासारखे शांत दिसते आणि नवशिका भुलतो. होडी सहज पुढे जाते ती वाऱ्याच्या पाठबळाने, आपल्या बळाने नव्हे, हे त्याला परतताना कळते. दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि लाटा तुटू लागतात. ओहोटीचे पाणी खाडीच्या मुखातून बाहेर पडत असताना समोरून लाट आली तर तेथे होडी उभी करणे किती अवघड, हे पुस्तकातून समजत नाही. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण, अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती, चतुर्मासाच्या आरंभी खवळलेला आणि श्रावणानंतर निवळू लागलेला दर्या, हे सारे मंडळाच्या सभासदाला आपल्या दंडांनी आणि खांद्यांनी शिकावे लागते.

हे सारे ज्ञान कोठे आहे? ते आपल्याच गावातल्या तांडेलाच्या डोक्यात आहे. कोणत्या खडकाला भरतीत पाणी चढते, कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूने वारा घुमतो, हे त्याला कोणी छापून दिलेले नसते. आमची सूचना अशी की, प्रत्येक मंडळाने आपला पहिला शिक्षक त्या वस्तीतून घ्यावा आणि त्याला मानधन द्यावे. नुसता सत्काराचा नारळ आणि शाल देऊन भागवू नये. कयाकचे तंत्र बाहेरून आलेला प्रशिक्षक शिकवील. पणजीत १९९० पासून केंद्र शासनाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही आहे. पण आपल्या गावची खाडी गावचाच माणूस शिकवू शकतो.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. किनाऱ्यावर कयाक आज दिसतात त्या बहुतेक भाड्याच्या. पाहुणा तासाचे पैसे मोजतो, केशरी जाकीट चढवतो, तिवरांच्या सावलीतून फिरतो, छायाचित्रे काढतो आणि जातो. त्या धंद्याविषयी आमचा आक्षेप नाही. कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटतात. परंतु पाहुण्याची होडी पाण्यात ढकलणारा कोळ्याचा मुलगा स्वतः कधी शर्यतीची कयाक वल्हवीत नाही, ही त्यातली बोच आहे. बापाच्या होडीला आता यंत्र बसले, त्यामुळे वल्हे त्याच्या हातातून सुटले. आणि खेळाचे वल्हे कोणी त्याच्या हाती दिले नाही. आंग्र्यांच्या आरमारात चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते होती. ती वल्हवणारे हात ज्या वस्त्यांतून आले, त्याच वस्त्यांतील पोरे आज दुसऱ्याच्या होडीची दोरी धरून उभी आहेत, आणि पदके भोपाळला जातात. भोपाळचा आम्हांस मत्सर नाही. तेथे कावेरी ढीमरच्या हाती कोणीतरी वेळेवर वल्हे दिले, एवढेच आम्ही नोंदवतो.

धोक्याचे काय, असे पालक विचारतील, आणि तो प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवसाची आठवण आजही अंगावर काटा आणते. त्यानंतर सहलींवर निर्बंधांची परिपत्रके निघाली. परिपत्रकाने मूल पाण्यापासून दूर राहते, पण त्याला पाणी कळत नाही. आणि कधी ना कधी ते कोणत्या तरी किनाऱ्यावर, कोणाचेही लक्ष नसताना, उतरतेच. ज्या मुलाने मंडळात शंभर वेळा होडी उलटवली आहे, त्याला भीती वाटत नाही असे नाही. त्याची भीती शहाणी झालेली असते. कोणत्या दिवशी होडी बाहेर काढायची नाही, हे त्याला कळते. चांगल्या मंडळाची ओळख त्याने किती मोहिमा केल्या यावरून करू नये, किती रविवारी वारा पाहून तो घरी परतला यावरून करावी.

मुलींसंबंधी वेगळे लिहिण्याची गरज भासू नये, पण भासते. प्राची यादवचे उदाहरण वर दिलेच आहे. आपल्याकडे मुलीला समुद्रावर पाठवताना आईबापांना बुडण्याच्या भीतीपेक्षा रंग काळवंडण्याची आणि कपड्यांची चिंता अधिक, हे कटू असले तरी खरे आहे. कुंभारजुव्याच्या सांगोडात जोडलेल्या होड्यांवर सोंगे घेऊन सारा गाव नदीत उतरतो, तेव्हा आपल्याला पाण्याचा संकोच नसतो. तो संकोच एरवीच कोठून येतो?

राहिला पैशाचा आणि परवानगीचा भाग. सागरी कयाक स्वस्त नाही, हे मान्य. पण एक होडी दहा मुलांना वर्षानुवर्षे पुरते, आणि ती ठेवायला लागते एक छप्पर. कित्येक बंदर धक्क्यांवर जुनी गोदामे कुलूप लावून पडलेली आहेत. त्यांतले एकेक गोदाम स्थानिक मंडळास नाममात्र भाड्याने मिळावे. होडी उतरवण्यास धक्क्याला लागून एखादा सिमेंटचा उतार असावा, आणि धंद्याच्या जलक्रीडेला लागू होणारे शुल्क व कागदपत्रे शिकाऊ मंडळांच्या गळ्यात घालू नयेत. मच्छीमार सोसायट्यांनीही आपल्या सभासदांच्या मुलांसाठी दोन-चार जागा मागून घ्याव्यात. शाळांनी आधी पोहणे शिकवावे, वल्हे मग. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कयाकही समुद्रात नेता येत नाही. ते दोन महिने तळ्यात वा शांत खाडीत उलटण्याचा धडा गिरवण्यास उत्तम. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळू लागेल. तत्पूर्वी कोणत्या गावच्या मंडळाने कोणत्या धक्क्यासाठी कोणाकडे अर्ज करावयाचा, एवढी माहिती तरी बंदर खात्याने एका पानावर मराठीत प्रसिद्ध करावी. ते पान आम्ही याच जागी विनामूल्य छापू.